मोठ्यानं केलेली प्रार्थना

आमच्या घरात देवाशी मनातल्या मनात बोलायची पद्धत नाही. दिवेलागणीला चटई अंथरायची, सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि एकेकानं मोठ्यानं, आपल्या रोजच्या भाषेत प्रार्थना करायची. लहानपणी मी लाजून पुटपुटायचे, तेव्हा बाबा म्हणायचे, "देवाला कळेल गं, पण तुझ्या मनात काय आहे ते आईला कसं कळणार?" बाबांची स्वतःची प्रार्थना मात्र इतकी लांबायची की चुलीवरची भाकरी करपायची. मग आई डोळे मिटूनच खोकायची. तेवढ्यावर बाबा आवरतं घ्यायचे.

नगर जिल्ह्यातलं ते गाव सोडून मी एम.एस्सी.साठी गोंदियाला आले. राज्याचं एक टोक सोडून पार दुसऱ्या टोकाला. प्रवेश तिथं मिळाला, मी तरी काय करणार? बाबांनी एकच अट घातली: चांगलं घर मिळालं तर राहा. घराची जरा जरी कुरबुर झाली तर सरळ परत ये, पुढच्या वर्षी जवळपास कुठंतरी बघू. बाबांचं 'पुढच्या वर्षी' मला चांगलं माहीत होतं. आमच्या घराला रंगसुद्धा पुढच्या वर्षीच द्यायचा होता, तो मी शाळेत होते तेव्हापासून.

घर मिळालं ते नागऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. घरमालकीण बाई एकट्याच राहायच्या. माहेर केशोरीचं, नवरा वारलेला, एकुलती एक लेक सडक अर्जुनीला दिलेली. मी त्यांना काकू म्हणू लागले. मागाहून कटकट नको म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मी ख्रिस्ती आहे.

"राय ना मंग," काकू म्हणाल्या. "भात खातेस ना?"

धर्माची चौकशी तिथंच संपली. खरी अट पुढं होती. "फोनवर पोराईसंग गुलुगुलु चालनार नाही. अगोदरची पोट्टी पळून गेली अन् तिच्या बापानं माह्या अंगनात उभं राहून मले शिव्या देल्या."

मी हसून 'बरं' म्हटलं. वनस्पतिशास्त्राच्या माझ्या वर्गात दोनच मुलगे होते आणि दोघांनाही माझ्यापेक्षा शेवाळात जास्त रस होता.

दिवसभर कॉलेजात हिंदी चालायची. घरी काकूंचं 'काऊन' आणि 'कायले'. रविवारी चर्चमध्ये गेले तर तिथंही हिंदी. लोक फार मायेचे होते, जेवायला बोलवायचे, पण "हे पिता, आप" म्हणताना मला कुठल्यातरी साहेबापुढं अर्ज घेऊन उभं राहिल्यासारखं वाटायचं. आमच्याकडे देवाला 'तू' म्हणतात. त्यामुळे संध्याकाळी खोलीचं दार लोटून कॉटशेजारी गुडघे टेकले की माझं खरं बोलणं सुरू व्हायचं. आज प्रयोग बिघडला. आज फार एकटं वाटलं. उद्या पेपर आहे, तू सोबत राहा. सगळ्या दिवसात माझ्या गावची मराठी माझ्या तोंडून निघायची ती तेवढीच.

काकूंच्या लेकीचंही मी रोज सांगायचे. तिला दिवस गेले होते. त्याआधी दोनदा मूल पोटातच गेलं होतं. पहिल्या वेळी पाचव्या महिन्यात, दुसऱ्या वेळी त्याच्याही पुढं. हे काकूंनी मला तांदूळ निवडताना खाली मान घालून सांगितलं होतं, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नव्हता. दर सोमवारी मात्र त्या चालत नागऱ्याच्या महादेवाला जायच्या.

दिवाळी झाली आणि काकू बदलल्या. आधी बोलणं कमी झालं. मग माझ्या ताटात भाजी न विचारता पडायची, तीही लांबून वाढल्यासारखी. एक दिवस मी कॉलेजातून आले, तर दारातच म्हणाल्या, "दुसरी खोली पाहून घे. महिना भरला की जा."

"का?"

"कायले ते तुले माहीत आहे."

मला लख्ख समजलं, किंवा समजलं असं वाटलं. कुणीतरी कान भरले असणार. शेजारीपाजारी म्हणाले असतील, तसल्या लोकांना घरात कशाला ठेवता. 'भात खातेस ना' हे बोलायला सोपं होतं! मला इतका राग आला की मी दुसरं काही विचारलंच नाही. विचारायचं कशाला? हात जोडून राहू द्या म्हणायचं? आमच्या घरात कुणी तसं म्हटलेलं नाही. पण खोलीत आल्यावर राग उतरला. बाबांना कळलं की संपलं. मी पेटी घेऊन गावी, आणि एम.एस्सी. पुढच्या वर्षी.

त्या संध्याकाळी गुडघे टेकले तेव्हा आवाज जरा जास्तच चढला असावा.

"आता तूच सांग मी काय करू," मी म्हणत होते. "माझी काय चूक झाली? तू तरी मला सोडू नकोस." रडू आवरत नव्हतं. मग सवयीनं पुढचंही बोलून गेले. "काकूंवर मी चिडलेय, ते असू दे. पण त्यांच्या लेकीला सांभाळ. या वेळी बाळ हातात येऊ दे."

धाडकन दार उघडलं. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"फोन दे इकडे."

माझ्या खोलीतलं बटण जळलं होतं. तेव्हापासून माझा फोन रोज संध्याकाळी त्यांच्याच स्वयंपाकघरात चार्जिंगला असायचा. "तो तुमच्या ओट्यावर आहे," मी म्हटलं.

"तो नाही. दुसरा."

त्यांनी उशी उचलली. चादर झटकली. कॉटखाली वाकून पाहिलं, तिथं माझ्या चपला आणि बायबलची पिशवी होती. मग त्या कॉटवर बसल्या.

"मंग कोनासंग बोलून राहिली होती? महिनाभर ऐकून राहिली मी. रोज तू सोबत राय, तू सोडू नको. अन् माह्या पोरीचं त्याले कायले सांगतेस?"

मला आधी काही कळेना. कळलं तेव्हा मी रडता रडता हसायला लागले. ते पाहून त्या आणखी चिडल्या.

"देवाशी बोलत होते, काकू."

"तुमचा देव तं रविवारचा ना?"

"रोजचाही आहे."

"अन् त्याले तू म्हनतेस?"

"तुम्ही महादेवाला काय म्हणता?"

काकूंनी विचार केला. "मी काही म्हनत नाही. पानी टाकलं, हात जोडले, आली घरी. एवढं बोलाले येते कोनाले?" मग त्यांनी हळूच विचारलं, "पोरीचं रोज सांगतेस?"

"रोज."

त्या उठल्या आणि गेल्या. खोली सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या रात्री ताटात मासळीचा मधला तुकडा होता. माफी मागायची काकूंची तीच रीत असावी. मलाही मागायला हवी होती. मी त्यांच्याबद्दल मनात जे जे बोलले होते ते त्यांना आजही माहीत नाही.

पण एक झालं. भिंतीपलीकडं कुणी ऐकतंय हे कळल्यावर मला मोठ्यानं बोलता येईना. मी मनातल्या मनात प्रार्थना करू लागले आणि ती नीट होईना. मध्येच लक्ष प्रयोगवहीकडं जायचं. असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी काकू दाराशी आल्या.

"काऊन, आजकाल बोलत नाहीस त्याच्यासंग? भांडन झालं काय?"

"मनात करते."

"मनात कायले? मले कसं समजन मंग, पोरीचं सांगतलं का नाही ते?"

बाबांचंच म्हणणं, पण काकूंच्या झाडीबोलीतून. त्या आत येऊन पाटावर बसल्या, डोळे मिटले नाहीत, हातही जोडले नाहीत. तांदूळ निवडायचं सूप मांडीवर घेतलं होतं. मी मोठ्यानं प्रार्थना केली. मी 'आमेन' म्हटलं तशा त्या सूप घेऊन निघून गेल्या. नंतर हे रोजचंच झालं.

नाताळला मी गावी गेले. आईनं करंज्या तळायला काढल्या होत्या, दारावर कागदाचा तारा लागला होता. संध्याकाळी चटई अंथरली आणि बाबा सुरुवात करणार, तोच फोन वाजला. प्रार्थनेत फोन घ्यायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. मी पाहिलं तर काकू. मी नियम मोडला.

"तिले इकडे गोंदियाले आनलं," काकूंचा आवाज ओळखू येत नव्हता. "दिवस भरले नाही अजून. आत नेलं आहे. मले बाहेर बसवलं." मागं कुणीतरी हिंदीत कुणाला तरी रक्त आणायला सांगत होतं. "तू रोज म्हनतेस ते म्हन. मी कानाले लावून बसली आहे."

मी फोनचा आवाज मोठा केला आणि तो चटईवर मधोमध ठेवला. बाबांनी विचारलं नाही. माझ्या पत्रासारख्या लांबलचक फोनांमधून काकू त्यांना माहीतच होत्या. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी सुरू केलं, पण दोन वाक्यांत माझा आवाज गेला. पलीकडून काकू म्हणाल्या, "थांबू नको वं."

मग बाबांनी हाती घेतलं. त्या लेकीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, गोंदिया पाहिलं नव्हतं. ते बोलत राहिले. बाळासाठी, बाळाच्या आईसाठी, दाराबाहेर बसलेल्या आजीसाठी, डॉक्टरांच्या हातांसाठी, मग पुन्हा बाळासाठी. कढईतल्या करंज्यांचा वास करपट झाला. त्या संध्याकाळी आई खोकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

"पोरगी झाली. बारीक आहे, पन रडते चांगली. दोघी बऱ्या आहेत."

मी फोन कानाला धरूनच आईबाबांना हाक मारली.

"तुह्या बापाले सांग, लय लांब बोलते तो. पोरगी वैतागून बाहेर आली." त्या हसल्या, आणि हसता हसता रडल्या. मग नाक पुसून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आता आजपासून तिचंही सांगत जा."

"नाव काय ठेवलं?"

"बारसं कुठं झालं अजून? काकूची नात म्हन. त्याले समजते."