नेट कोण खातंय?

पनवेलच्या आमच्या इमारतीत ब्रॉडबँड पहिल्यांदा आमच्या घरी आलं. समोरच्या चाचींची लेक तेव्हा मस्कतला बाळंत झाली होती. शुक्रवारी दुपारी आमच्या कॉम्प्युटरवरून व्हिडिओ कॉल करायचा आणि नात बघायची, असं ठरलं.

चाची नवी ओढणी घेऊन, अत्तर लावून आल्या. पडद्यावर लेक दिसली, "अम्मी" म्हणाली आणि तोंड उघडं ठेवून तशीच थिजली. बाळ म्हणजे नुसता गुलाबी चौकोनांचा ढीग.

"या अल्ला, हिला काय झालं?"

"तिला काही नाही झालं चाची, आमचं नेट अडकलंय."

चाची हसल्या, पण जाताना दोनदा वळून त्या ढिगाकडे बघत होत्या. मला काही चैन पडेना. नेटवाल्यांना फोन केला, तर मॉडेम बंद करून चालू करा म्हणाले. ते करून झालंच होतं. शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीने एक छोटा प्रोग्राम दिला. कॉम्प्युटरवरचं कोण किती नेट ओढतंय, ते त्यात दिसायचं.

उघडून बघते तर सगळ्यात वर बाबांचा गाणी उतरवायचा प्रोग्राम!

"बाबा, हा चालूच आहे की!"

"छे, माझी नाट्यगीतं परवाच उतरली. फुलीवर क्लिक करून बंद केलाय मी."

तो बंद झालाच नव्हता. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी दबा धरून बसला होता आणि बाबांकडची गाणी दुसऱ्यांना पाठवत होता.

"म्हणजे माझी गाणी लोक घेतायत?" बाबांनी खुर्ची ओढली. "कुठले लोक?"

"हा एक फिनलंडचा दिसतोय."

"फिनलंड!" बाबांचा चेहरा उजळला. "अगं, मग त्याचं होऊ दे पुरं. अर्धवट नाट्यगीत घेऊन बिचारा काय करेल तिथे थंडीत?"

फिनलंडवाल्याचं झालं आणि मगच प्रोग्राम खरोखर बंद झाला.

पुढच्या शुक्रवारी चाची यायच्या आधीपासून बाबा पडद्यासमोर बसून होते. "अँटिव्हायरसला पण थांबवलंय. बसा निवांत, आता नेट फक्त तुमचं."

लेक दिसली. बाळ दिसलं, स्वच्छ, जावळासकट. त्याने लांबलचक जांभई दिली, तर चाचींनी पडद्यालाच हात लावला. "नाक बघा मास्तर, थेट माझं!"

"छान आहे," बाबा म्हणाले. ते प्रत्येक बाळाला तसंच म्हणायचे.

संध्याकाळी चाचींकडून तांदळाच्या वाफाळत्या गोड सांदणांचं ताट आलं. सगळ्यात मोठं सांदण बाबांनी कुणाला न विचारता उचललं.