बाहेर न आलेलं स्टूल

आमची छोटी संशोधन अणुभट्टी बंद होऊन काही वर्षं झाली होती. इंधन केव्हाच गेलं होतं. आता आतल्या एकेका सामानाचं रेडिएशन मोजायचं, स्वच्छ निघालं तर बाहेर सोडायचं, नाहीतर कापून पिंपात भरायचं, एवढंच काम उरलं होतं. मोजणारी मी. पाईप, पंप, व्हॉल्व्ह यांचं मला काही वाटत नव्हतं. अडलं ते एका लाकडी स्टुलापाशी.

मी नोकरीला लागले तेव्हा भट्टीच्या हौदाच्या कठड्यावरून मला आतलं दिसायचं नाही. माझ्या उंचीवरून सगळेच चिडवायचे, आणि त्यात पहिला नंबर सरांचा. मोजायला मला त्यांनीच शिकवलं. एका सोमवारी त्यांनी कोपरच्या घरी स्वतः बनवलेलं ठेंगणं स्टूल आणून ठेवलं. म्हणाले, "चढ. आता कारणं सांगू नकोस." पुढची बावीस वर्षं मी त्यावर उभी राहिले.

यंदा निवृत्त सरांचा फोन आला. मुलाच्या टिटवाळ्याच्या नव्या फ्लॅटमध्ये त्यांच्या नातीचा हात बेसिनला पोचत नाही, बादली उलटी घालून उभी राहते. सरांचे हात थरथरतात, करवत धरता येत नाही. "आपलं ते स्टूल सुटतंय का बघ ना गं." अणुभट्टीतलं स्टूल नातीला द्यायचं, हे ऐकून कुणीही आम्हाला वेड्यात काढेल. पण मीटरने सोडलं की ते स्वच्छ, असं मानूनच आम्ही दोघं जगलो. शिवाय सरांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

मी स्टूल पुसलं, मोजलं. लाकूड पाणी पितं, आमच्या हौदाचंही. एका पायाच्या सांध्याशी आकडा मर्यादेच्या वर गेला. जरासाच. मीटर किंचित लांब धरलं असतं तर तो खाली आला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. त्यावर कोण उभी राहणार ते आठवलं आणि मी मीटर जवळच धरलं. मग ते स्टूल मीच कापलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रडू आलं. मास्कमुळे नाक पुसता येईना, त्याचा राग वेगळाच.

रविवारी ठाण्याहून कोपरला गेले. फोनवर सांगायचा धीर नव्हता. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पुढे सरकवला आणि जुन्या सवयीने उलटतपासणी सुरू केली.

"खोलीतलं नेहमीचं रेडिएशन वजा केलंस?"

"केलं."

"मीटर बरोबर चालत होतं?"

"दुसरं आणूनही पाहिलं, सर."

"किती वेळा मोजलंस?"

इथे मी अडखळले. "सात."

"नियमात दोनदा आहे."

"हो."

त्यांनी बोटांवर वजाबाकी केली.

"म्हणजे पाच वेळा माझ्यासाठी."

मी मान हलवली.