आमच्या घराअलीकडचा पट्टा

परवा वरोऱ्यात शेजारणीनं अंगणातला पाला पेटवला आणि त्या धुराच्या वासानं मला थेट माहेरी, मुलचेऱ्याकडच्या गावी नेलं.

मी तेव्हा लहान होते. उन्हाळा लागला होता. गावातले पुरुष मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. भरदुपारी जंगलातला वणवा वाऱ्यासोबत गावाकडं सरकू लागला. आमचं गवती छपराचं घर जंगलाला अगदी लागून होतं. आग अडवायला बाया पाला झाडून मोकळा पट्टा करायला धावल्या. आईनं एकदा आगीकडं पाहिलं आणि म्हणाली, "माह्या घराच्या इकडून झाडा. तिकडून वेळ नाई पुरणार."

"अन् तुह्या घराचं काय?" शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं.

"जाऊ द्या त्याले."

आम्हा पोरींना आणि बकऱ्यांना बाहेर काढून आईनं खराटा उचलला. डोळ्यांसमोर घर पेटलं, तरी तिचा हात थांबला नाही. पट्ट्यापाशी येऊन आग विझली आणि बाकीचं गाव वाचलं.

संध्याकाळी मी राखेजवळ रडत बसले होते. काळ्या झालेल्या हातांनी मला जवळ घेत आई म्हणाली, "गाव हाये ना आपलं."

तेव्हा मला फक्त जळालेलं घर दिसत होतं. आता कुणी माहेर विचारलं, की मी गावाचं नाव जरा मोठ्यानंच सांगते.