नागसेन सरांचं पिंग

राजापेठेतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी टायपिंग शिकवते आणि नागसेन सर नेटवर्किंग. मधे प्लायवूडची भिंत, त्यामुळे गेली सहा वर्षं त्यांचं नेटवर्किंग मी फुकटात शिकते आहे. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे घराचा पत्ता. डीएनएस म्हणजे चौकातला पानठेलेवाला. त्याला नाव सांगा, तो पत्ता सांगतो. टीसीपीला पोहोचल्याची पावती लागते, नाही आली तर तो पुन्हा पाठवतो. यूडीपी म्हणजे ग्रामपंचायतीचा भोंगा, बोलून मोकळा, कोणी ऐको न ऐको. पोरं हसायची, पण परीक्षेत विसरायची नाहीत.

आणि पिंग म्हणजे समोरच्या मशीनला मारलेली हाक. तिनं ओ दिली की ती चालू आहे, एवढंच समजायचं.

सरांची आई जाईबाई भातकुलीत एकटी राहायची. सरांनी कितीदा विनवलं, पण विहारातली संध्याकाळची वंदना सोडून ती अमरावतीत यायला तयार नव्हती. तिला फोन उचलता यायचा, लावता यायचा नाही. मग सरांनी तिच्या घरी इंटरनेट घेतलं, राउटर बसवला, त्याला कधी न बदलणारा पत्ता घेतला. बाई जुन्या वळणाची. झोपताना घरातलं एकूण एक बटण बंद, राउटरचंही. पहाटे पाचला उठली की चालू. सरांनी त्यातून युक्ती काढली. सकाळी सहाला इथून पिंग करायचं, उत्तर आलं म्हणजे माय उठली. हे मला सांगताना माणूस नुसता फुलून गेला होता. मला मात्र रागच आला. पण शिकलेल्याला शिकवायला कोण जाणार?

जाईबाई एकदा डोळे दाखवायला शहरात आली, तेव्हा क्लासवर डोकावली. माझ्यासमोरच तिनं विचारलं, "तू फोन काहून नाई करत रे?"

"मले इथूनच समजते ना माय, तू उठली का नाई ते."

पिशवीतल्या तुरीच्या शेंगा काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवल्या आणि बसस्टँडची वाट धरली.

या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सहा वाजता पिंगच्या चारही हाकांना उत्तरं आली. सर आठला क्लासवर आले, टीसीपी शिकवला, चहा प्याले. साडेअकराला जाईबाईच्या शेजारची अपेक्षा फोनवर रडत होती. सकाळपासून दार उघडलं नाही म्हणून लोकांनी कडी तोडली, तर बाई मोरीपाशी पडलेली. सर आणि आम्ही क्लासवाले पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. पडल्यावर बराच वेळ जीव होता, लवकर आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. सर आमच्याकडे बघून एकच सांगत राहिले, उत्तर आलं होतं, मी स्वतः पाहिलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

जाईबाईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं जेवून पांगल्यावर अपेक्षा सरांसमोर येऊन उभी राहिली. ती नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या घरी नेट नाही; भिंतीपलीकडून जाईबाईचं वायफाय मिळायचं, म्हणून रात्री राउटर बंद करू नका असं तिनं सांगितलं होतं. तेव्हापासून त्या मंगळवारपर्यंत अकरा दिवस तो रात्रंदिवस चालूच होता.

"माह्यामुळंच झालं सर," ती म्हणाली.

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिची काही चूक नाही, अभ्यास थांबवू नकोस, म्हणाले. मग त्यांनी हळूच विचारलं, मायनं मला का नाही सांगितलं?

अपेक्षानं ओढणीनं डोळे पुसले. "मी म्हटलं होतं त्याईले, सरले विचारून घ्या म्हणून. तर म्हने, त्याचा फोन आला का सांगीन."