आईसाठी मोठी अक्षरं

अधारतालच्या घरात भंगारात द्यायच्या वस्तूंची यादी करताना डिशचा जुना रिसीव्हर हाती लागला. नोंद करण्याआधी चालतो का ते पाहावं म्हणून टीव्हीला जोडला. तापलेल्या धुळीचा वास आला आणि बऱ्याच वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

आईला पडद्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. मराठी चॅनल लावून द्यायला ती रोज मी ऑफिसातून येण्याची वाट पाहायची. म्हणून मी घरच्या कॉम्प्युटरवर रिसीव्हरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आत चालणारा प्रोग्राम, नव्याने तयार केलं. चॅनलांची नावं देवनागरीत आणि ठळक. आता ते रिसीव्हरमध्ये भरायचं होतं. मध्येच वीज गेली असती, तर रिसीव्हर कायमचा बंद पडला असता. मी कागदावर एकेक पायरी लिहून ठेवली होती. आई विजेच्या बटणांच्या बोर्डाला पाठ लावून उभी राहील, हे मात्र त्यात नव्हतं.

"आई, काहून उभी आहेस? बस ना."

"तुझा हा टीव्हीचा डबा शिजून राहिला ना? कोणी बटण दाबलं तर? चलो, तू आपलं काम कर बाई."

अखेर पडदा उजळला. अक्षरं इतकी मोठी झाली होती की एका वेळी चारच नावं मावत होती. मला ते ओबडधोबड वाटलं. आईने चारही नावं मोठ्याने वाचली आणि रिमोट माझ्या हातातून काढून घेतला.

आज पडद्यावर तीच चार नावं आली. माझा चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता, तरी चारही वाचता आली. रिसीव्हर मी यादीत लिहिला नाही.