लटारूभाऊंनी पास केलेली गाडी

गोंडपिपरीपासून आत, नदीच्या अंगाला असलेल्या त्या गावात कुणाला गाडी घ्यायची झाली, की आधी लटारूभाऊंच्या घरी निरोप जायचा. जुनी जीप असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर तिसऱ्या मालकाकडून येणारी मोटारसायकल. लटारूभाऊ जायचे, बॉनेट उघडायचे, इंजिनाला कान लावायचे, एक चक्कर मारायचे आणि खाली उतरून म्हणायचे, "पास आहे." किंवा नुसतेच विडी पेटवायचे. विडी पेटवली म्हणजे सौदा मोडला. यासाठी त्यांनी कधी कुणाकडून चहाच्या वर काही घेतलं नाही. गावात सरपंचाच्या शब्दाला दोन बाजू होत्या, लटारूभाऊंच्या शब्दाला नव्हत्या.

घर ढिवरांचं. बाप तळ्यात जाळं टाकायचा, बायको गुणाबाई आजही मासोळीची टोपली घेऊन बाजाराला बसायची. लटारूभाऊंचं मन मात्र पाण्यात कधी रमलं नाही. मिसरूड फुटायच्या आधीच ते गुणवंतराव सेठच्या जीपवर क्लीनर म्हणून चढले आणि पुढं त्याच जीपचे ड्रायव्हर झाले. ती जीप सेठनं कुणाकडून तरी जुनीच घेतली होती. ती मेली, तर दुसरी आली, तीही जुनीच. दवाखान्याची सवारी घेऊन हेमलकशापर्यंत, वरात घेऊन भद्रावतीपर्यंत, अख्खं आयुष्य त्यांनी लोकांच्या गाडीत लोकांना बसवून काढलं. सेठ गेले, पोरांनी धंदा मोडला, तेव्हा लटारूभाऊ पंचावन्नच्या पुढं होते. गुणाबाईनं सांगून टाकलं, "आता लोकायची नको. आपली घ्या. आन् कोरी घ्या. एक डाव तरी आपल्या आधी कोनी बसलं नसन अशी गाडी दारात येऊ द्या."

एवढीच काय ती हौस. मारुतीरायाकडं मागावं, तसं काही मोठं मागणं नव्हतं.

चंद्रपूरच्या शोरूममध्ये दोघं गेले तेव्हा दारातच थंडगार वारा अंगावर आला आणि गुणाबाईनं चपला बाहेर काढल्या. प्रफुल नावाचा टाय बांधलेला पोरगा लगबगीनं आला आणि म्हणाला, "काकू, घाला चपला, घर आपलंच आहे." गाव कुठलं विचारलं. गावाचं नाव ऐकल्याबरोबर त्याचा चेहरा खुलला आणि टायवाली भाषा गळून पडली. "मंग त तुमी माये मामा झाले ना. माई माय तिकडचीच. मी भाचा तुमचा." झालं. भाचा म्हटल्यावर आपल्याकडं कोण उलटतपासणी करतं? गुणाबाईनं तर पिशवीतल्या डब्यातला लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. आई कुणाची कोण, वडील कोण, हे विचारायचं भान दोघांनाही राहिलं नाही. त्यानंही ते पुढं सांगितलं नाही.

भाच्यानं गाडीची ट्रायल दिली. सात सीटची, पांढरीशुभ्र. लटारूभाऊंनी शहराबाहेरच्या रस्त्यावर एक मोठा फेरा मारला, गुणाबाई शेजारी बसली होती. गाडी आवडली. "हीच, पन कोरी," लटारूभाऊ म्हणाले. "मामा, कोरीच येनार, कंपनीतून सरळ तुमच्या हातात," भाचा म्हणाला.

गाडी न्यायच्या दिवशी शोरूमनं थाट केला होता. गाडी लाल झुळझुळीत कापडाखाली झाकलेली. पुढं ताट तयार, हळदकुंकू, फुलांचा हार, नारळ, सगळं शोरूमचंच. लटारूभाऊंनी कापडाचं टोक जरा उचललं, तर भाच्यानं हळूच त्यांचा हात धरला. "मामा, पूजेआधी तोंड पाहू नये. नव्या नवरीवानी असते." गुणाबाईला हे फार पटलं. लटारूभाऊंनाही पटलं, खोटं कशाला बोला. जुन्या गाडीचा गळता ऑइल सील त्यांनी अंधारात हातानं ओळखला असता, पण कोऱ्या गाडीत काय तपासायचं असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. कोरी त्यांनी कधी घेतलीच नव्हती. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते उगीच नाही.

गुणाबाईनं कापडावरूनच कुंकू लावलं. नारळ फुटला. सह्या झाल्या. मग कापड ओढलं गेलं, टाळ्या वाजल्या, आणि भाच्यानं मोबाइल समोर धरला. "मामा, दोन शब्द बोला." लटारूभाऊ लाजत बोलले, "लय चांगले लोकं आहेत. घरच्यावानी वागवलं. ज्याले गाडी घ्याची असन त्यानं इथीच यावं." व्हिडिओ तिथल्या तिथं गावच्या ग्रुपवर गेला.

बल्लारपूर मागं पडलं, कोठारीच्या अलीकडं गुणाबाईला घाम पुसायचा होता. तिनं समोरची झडप खाली ओढली, आत लहानसा आरसा होता. आरशाच्या कोपऱ्यात एक टिकली चिकटलेली होती. लाल, मधे हिरवा खडा.

तिनं टिकलीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "गाडी थांबवा जरा."

ट्रायलच्या दिवशी घामानं टिकली निसटायला लागली, तेव्हा तिनं ती काढून या आरशाला लावली होती आणि तशीच विसरून गेली होती. बाई जिथं आरसा पाहील तिथं टिकली चिकटवते, न्हाणीत काय आणि गाडीत काय. त्या दिवशी घरी येताना एसटीत कपाळावर हात लावून ती हळहळली होती. ही तीच टिकली होती. म्हणजे ही तीच ट्रायलची गाडी होती.

लटारूभाऊंनी खाली वाकून पाहिलं. क्लचच्या पेडलचं रबर एका बाजूनं गुळगुळीत झालेलं. सीटवरचं प्लास्टिक नवं होतं, पण त्याखालची शिवण बसून बसून दबलेली. आता सगळं दिसत होतं. सकाळी या गोष्टी त्यांनी पाहिल्या असत्या, तर त्यांनी विडी पेटवली असती आणि विषय संपला असता.

त्यांनी गाडी वळवली.

शोरूममध्ये भाचा जेवायला गेला होता, आणि परत आला तेव्हा भाचा राहिला नव्हता. "सर, टिकल्या काय एकच बाई लावते?" तो म्हणाला. मॅनेजर आला. त्यानं टिकली पाहिली, आणि अगदी शांतपणे सांगितलं, "कंपनीत फिटिंगला बायाच असतात, त्यातल्या कुणाची तरी असेल." इतकं सुंदर खोटं लटारूभाऊंना आयुष्यात रचता आलं नसतं. ते मुद्द्यावर आले. "गाडी परत घ्या. मले कोरी पायजे."

"घेऊ ना," मॅनेजर म्हणाला. "पण तुमच्या नावावर झाली ना आता. म्हणजे जुनी झाली. जुनीच्या भावात घेऊ."

सकाळी विकताना जी कोरी होती, ती दुपारी परत घेताना जुनी झाली होती. लटारूभाऊंनी तक्रार करण्याचं बोलून पाहिलं. मॅनेजरनं सहीचा कागद काढून दाखवला, गाडी नीट पाहून घेतली असं त्यावर लिहिलेलं होतं. प्रफुलनं व्हिडिओ लावला. आपल्याच तोंडचं "घरच्यावानी वागवलं" ऐकताना लटारूभाऊंना कान बंद करावेसे वाटले.

गुणाबाईनं त्यांच्या बाहीला हात लावला. "चला. पुजलेली हाय. पुजलेली वस्तू कोनी परत करत नाई."

ती रागावलीही नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं लटारूभाऊंना पुढं कितीदा तरी वाटलं.

गावात बाया आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या. म्हातारा कोलू म्हणाला, "लटारूनं घेतली मनजे आता गाडीत खोट सापडनार नाई." झाकली मूठ सव्वा लाखाची. लटारूभाऊ हसले. सगळ्यांची गाडी तपासणारा माणूस स्वतः फसला, हे सांगायला त्यांची जीभ उचलेना. ती टिकली गुणाबाईनं नखानं काढून टाकली होती.

गाडी चालायला लागली. सवाऱ्या मिळत होत्या. क्लच लवकर बदलावा लागला, तो त्यांनी चंद्रपूरला न जाता परस्पर बदलून आणला.

पण व्हिडिओ गावात फिरतच होता. पावसाळा सरला आणि शेजारच्या सुकरीबाईचा हेमराज, गावच्या मासेमारी सोसायटीत काम करणारा तरणा पोरगा, सांगत आला, "भाऊ, मी बी थीच गाडी घेतो. थ्याच शोरूममंदून."

लटारूभाऊ त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या पाळीवर हेमराज जाळं वाळत घालत होता, तिथं ते गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं. टिकली, क्लच, मॅनेजर, सगळं. सांगताना मान वर होत नव्हती. आयुष्यात एवढं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं.

हेमराजनं ऐकून घेतलं. मग जाळ्याची गाठ सोडवत म्हणाला, "भाऊ, तुमी वडीलधारे. पन गावात दुसरी गाडी आली त तुमच्या सवाऱ्या कमी होतीन, थे मले समजते."

"थ्याच्यासाठी नाई रे बाबा."

"मंग व्हिडिओमंदी काऊन चांगलं बोलले?"

याचं उत्तर होतं, पण ते सांगायला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि हेमराज तोवर जाळं खांद्यावर टाकून चालू लागला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. खरं लपवलं तेव्हा गावानं मान डोलावली, खरं बोलले तर ते मत्सरी ठरले.

दिवाळीच्या तोंडावर हेमराजची गाडी आली. तशीच पांढरी, तसाच हार. लटारूभाऊ घरातून बाहेर निघाले नाहीत. हेमराजच त्यांच्या दारात आला, नजर चुकवत म्हणाला, "एक चक्कर मारून पाहा ना भाऊ."

लटारूभाऊंनी गाडी नदीच्या घाटापर्यंत नेली. गाडी वळवायच्या जागी त्यांनी ब्रेक दाबला, तो पायाखाली घासलेला लागला, आणि त्यांना कळायचं ते कळलं. त्यांनी हेमराजकडं पाहिलं. त्या पोराचे डोळे भरून आले होते.

"कोठारीले समजलं मले," हेमराज म्हणाला. "डिक्कीतली चटई उचलली त खाली वाळली माती. कोनाची त कोनाची. तुमी खरं बोलून राह्यले होते." मग डोळे पुसत म्हणाला, "आईले सांगू नका. तिनं कुंकवाचं ताट घेऊन ठेवलं आहे, पन लावत नाई. मनते, आधी लटारूभाऊ पास मनतीन, मंग लावीन."

लटारूभाऊंनी खिशातून विडी काढली. बोटात धरून ठेवली, पेटवली नाही, आणि परत खिशात टाकली.

सुकरीबाई दारात उभी होती. नवरा गेल्यापासून तिच्या घरात काही मोठं आलं नव्हतं, त्यामुळं तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. गाडी थांबली, लटारूभाऊ उतरले. आजूबाजूची चार माणसं जवळ सरकली.

"कशी आहे जी भाऊ?" तिनं विचारलं.

हेमराज गाडीच्या पलीकडं, खाली बघत उभा होता. लटारूभाऊंनी घसा साफ केला.

"पास आहे, बाई."

सुकरीबाईचा चेहरा उजळला. तिनं कुंकवात बोट बुडवलं, आणि गाडीच्या आधी ते लटारूभाऊंच्या कपाळाला लावलं. ते पुसता येत नव्हतं, म्हणून लटारूभाऊ तसेच उभे राहिले.