उत्तराची घाई

हरमाटनचा कोरडा वारा पहाटेपासून सुटला होता. म्हातारा दोत्से कांद्याच्या वाफ्यांना पाणी घालत होता, तेवढ्यात गावातला तरुण ढोलवाला सेलोर्म त्याला ढोलांच्या तालमीला ओढून घेऊन गेला. संध्याकाळी मयताघरी वाजवायचं होतं.

दोत्सेनं मोठ्या ढोलावर बोल टाकायचा आणि त्याच्या जोडीदारानं, आग्बेन्योनं, छोट्यावर उत्तर द्यायचं, असा दोघांचा उभा जन्म गेला होता. आग्बेन्योचं उत्तर कधी लाडाचं असायचं, कधी चक्क शिवी. तो गेल्या पावसाळ्यात वारला. छोटा ढोल आता सेलोर्मकडे आला होता.

दोत्सेनं अर्धा बोल टाकला नाही, तोच सेलोर्मच्या काठ्या खडखडाट करत सुटल्या.

"अरे, माझं विचारून तरी होऊ दे!"

"आजोबा, तुमचं विचारून होईस्तोवर मयत उठून चालू लागेल!"

तालमीला जमलेली बाकीची पोरं खिदळली. दोत्सेही हसला. "हात लई चालतात रे तुझे. पण काहीही विचारलं तरी उत्तर एकच."

त्यानं पुन्हा बोल टाकला. पुन्हा तेच झालं. मग त्यानं आपली काठी सेलोर्मच्या मांडीवर ठेवली.

"मोठा तूच घे. एकट्यानं बोलायचा मला कंटाळा येतो."

तो उठून घराकडे निघाला, तसे मागे ढोल सुसाट सुरू झाले. दोत्से परत आपल्या कांद्याच्या वाफ्यात उकिडवा बसला आणि तण उपटू लागला.